अर्धा इंच
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडीवर जीव जडला की माणूस आधी तिची चाके बदलतो. आपल्याकडेही नवी गाडी पंधरवड्याच्या आत अलॉय व्हीलच्या दुकानासमोर उभी दिसते. मी आज सांगणार आहे तो किस्सा मात्र अमेरिकेतला, डेट्रॉइटजवळचा. नोकरीनिमित्त मी तिथे काही वर्षे होतो.

शेजारी मोटारकारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांच्याकडे १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो होती, तरुणपणी पगारातून पैसे साठवून घेतलेली. मध्यम आकाराच्या गाडीत भले थोरले आठ सिलिंडरांचे इंजिन बसवायचे, अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून ही लाट आली, असे बहुतेक जण मानतात. काटेकोर मंडळी कॅमॅरोला मसल कार न म्हणता ‘पोनी कार’ म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नये.

१९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनच्या हिरव्या मस्टँगला पाच आऱ्यांची चाके आहेत. आमच्या शेजाऱ्यांना तशीच हवी होती, १५ इंच व्यासाची आणि ८ इंच रुंद. मी मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून मापे ठरवण्याचे काम त्यांनी विश्वासाने माझ्यावर सोपवले.

आता थोडे गणित. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा गेली आहे असे समजा. चाक हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग या रेषेवर असेल तर ऑफसेट शून्य. तो आपल्याला दिसणाऱ्या बाजूला सरकलेला असेल तर ऑफसेट धन, आणि चाक मडगार्डच्या आत जाते. ब्रेकच्या बाजूला सरकलेला असेल तर ऑफसेट ऋण, आणि चाक बाहेर डोकावते. नटांची भोके जुळली की चाक जुळले असे नव्हे. जुन्या मस्टँगच्या पाच नटांचे वर्तुळ साडेचार इंचांचे, म्हणजे ११४.३ मिलिमीटरचे. आपल्या इनोव्हाचेही तेवढेच! पण मधले भोक आणि ऑफसेट यांचा हिशेब निराळा.

जुन्या अमेरिकन गाड्यांची माणसे ऑफसेटऐवजी ‘बॅकस्पेसिंग’ बोलतात. चाक पालथे घालायचे, मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि तिथपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजायची. मला हवा होता ऑफसेट शून्य. रुंदी आठ, निम्मे चार, म्हणून मी फोनवर ‘चार इंच बॅकस्पेसिंग’ सांगून मोकळा झालो.

इथेच घात झाला. चाकाची ८ इंच रुंदी टायर बसतो तिथे मोजतात. त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्ध्या अर्ध्या इंचाची कड असते. म्हणजे बाहेरून बाहेर ९ इंच, आणि शून्य ऑफसेटसाठी साडेचार इंच सांगायला हवे होते. आमची चाके दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच बाहेर आली.

गॅरेजमध्ये गाडी झकास दिसत होती. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते, १९९५ पासूनची प्रथा. आजोबा नातवंडांना मागे बसवून निघाले, मी पुढे शेजारी. मागे वजन आल्याने गाडी बसली होती. एका खड्ड्यात ती आणखी दबली आणि खर्र असा आवाज आला. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. उतरून पाहिले, तर मडगार्डच्या आतल्या धारदार कडेने टायरचा खांदा कापला होता, आतले धागे दिसण्याइतका. वेग कमी होता म्हणून निभावले. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी आधी मुलांना पदपथावर नेऊन उभे केले. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

स्पेसर लावून उपयोग नव्हता, त्याने चाक आणखी बाहेर जाते. मडगार्डची कड आत वळवता येते, पण मूळ पत्र्याला हात लावायला ते तयार नव्हते. टायर चढवलेली चाके दुकानही परत घेईना. शेवटी ती तोट्यात विकली. तोटा निम्मा निम्मा वाटून घेऊ, असा हट्ट मी धरला.

दुसऱ्यांदा मात्र आम्ही गाडीवरच मापे घेतली. जॅक बॉडीला न लावता मागच्या आसाला लावला, म्हणजे चाक काढले तरी गाडीचे वजन स्प्रिंगवरच राहते. मग हबच्या पृष्ठभागापासून बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत आणि आत पाट्यांपर्यंतचे अंतर. टायर चाकापेक्षा फुगीर असतो, तेही धरले. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले, कारण सरळ असताना न घासणारे चाक वळताना घासते. शिवाय पुढचे चाक फार बाहेर काढले तर स्टिअरिंग हिसके देते आणि बेअरिंगवर ताण येतो. जुने ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले असतील तर हब थोडे सरकलेले असू शकते, तेव्हा पुस्तकातले माप विसरावे.

या वेळी ऑर्डर देताना फोन आजोबांच्याच हातात होता. त्यांनी बॅकस्पेसिंगचा आकडा तीनदा म्हणून घेतला. पुढच्या ऑगस्टला गाडी पुन्हा निघाली तेव्हा नातवंडे घरी होती. त्यांनी मागचे दार नसलेल्या त्या गाडीत मला वाकवून मागच्या सीटवर बसवले आणि खड्डे शोधत शोधत गाडी चालवली.