प्रतिकूल सभेपुढे बोलताना
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘वक्तृत्वकला’ हा विषय नेमून दिला होता. परंतु जेथे श्रोते आधीच अनुकूल असतात तेथे कला नसली तरी निभावते. टाळ्या घरच्याच असतात. कसोटी लागते ती श्रोते मनातून विरुद्ध असतात तेव्हा. म्हणून विषय आखडून घेण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. त्यास निमित्तही आहे. ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या आपल्या कन्यांचे सभासदत्व कायम राहावे व त्यांच्या मुलांस विद्यार्थी-फंडातून साहाय्य मिळावे, अशी नियमदुरुस्ती उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. ती मांडण्याचे काम दोन तरुण भगिनींनी पत्करले आहे, आणि गेल्या वर्षी या विषयाचा नुसता उच्चार होताच केवढा गलका उडाला हे आपण सर्वांनी ऐकलेच आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. सभा विरुद्ध असणे निराळे आणि सभा होऊच न देण्याचा निश्चय करून लोक आलेले असणे निराळे. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा २६ तारखेस सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षांच्या निवडीस अनुमोदन देण्यास उभे राहिले. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात हजारोंच्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा असा त्यांचा आवाज. पण त्या दिवशी त्यांस बोलता आले नाही, आणि बैठक तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक आपली सूचना मांडण्यास व्यासपीठावर गेले. त्यांस परवानगी मिळेना व ते हटेनात. अशात एक जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथ व फेरोजशहा मेहता या दोघांस लागला. पुढे खुर्च्या उडाल्या आणि अधिवेशन मोडले. दोष कोणत्या पक्षाचा, हा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. सांगावयाचे एवढेच की, असा प्रसंग आला तर तो वक्त्याच्या हातचा नसतो. सभा राखणे हे अध्यक्षांचे काम, आणि सभा राहिलीच नाही तर उत्तम भाषणही खिशात घालून खाली बसावे. त्यात वक्त्याचा पराभव नाही.

परंतु बहुतेक विरुद्ध सभा अशा नसतात. लोक रागावलेले असतात, साशंक असतात, तथापि ऐकावयास आलेले असतात. अशा श्रोत्यांपुढे कसे बोलावे याचा धडा आपणांस एका सतरा वर्षांच्या मराठी मुलीपासून घेता येतो. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात सौ. आनंदीबाई जोशी यांनी इंग्रजीतून भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे. कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठचे. (मराठी भाषेचे केरीकृत व्याकरण १८०५ साली तेथेच छापले गेले, ही आठवण जाता जाता.) पती गोपाळराव टपाल खात्यात असल्याने बदलीच्या निमित्ताने हे दांपत्य तेथे राहत होते. वैद्यकी शिकण्यास एकटीने अमेरिकेस जाण्याचा बाईंचा बेत फुटला होता, आणि चहूकडून टीका सुरू झाली होती.

बाईंनी काय केले? स्वतःची बाजू मांडण्यास आरंभ न करता, लोक जे प्रश्न त्यांच्या पाठीमागे विचारीत होते ते सहाच्या सहा त्यांनी स्वतः उभे केले. अमेरिकेसच का? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? एकटीने का? परत आल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय? संकट ओढवले तर? आणि बायकांनी आजवर जे केले नाही ते हिनेच का करावे? यांत एकही प्रश्न सौम्य करून घेतलेला नाही. विरोधकाला वाटावे की, आपणही याहून नेमके विचारू शकलो नसतो. मग गलका करावयास उरतेच काय!

उत्तरेही तशीच नेमकी. एकटीने का, तर गोपाळरावांच्या पगारावर वृद्ध आईवडील व धाकटे भाऊ अवलंबून आहेत. रस्त्याने जाताना लोक हसतात, टोचून बोलतात, हेही त्यांनी सांगितले, पण दयेची याचना केली नाही. बहिष्काराविषयीचे उत्तर तर आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष लक्ष देऊन वाचावे असे आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : मी हिंदू म्हणून जाईन, तशीच परत येईन, अन्न-वस्त्र-रीत बदलणार नाही. बहिष्कार घालावयाचाच असेल तर तो आजच का घालीत नाही? या परमुलखात मी कशी वागते हे पाहणारे तरी आपले असे कोण आहे? येथे आव्हान आहे, परंतु आवाज चढलेला नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या बोटीवर चढल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. परतल्या तेव्हा बहिष्कार झाला नाही, स्वागतच झाले. मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला.

आता आमच्या दोन्ही वक्त्या भगिनींस. फंडाचा पैसा दात्यांनी ज्ञातीसाठी दिला, हा आक्षेप खोटा नाही. तो आधी तुम्हीच, दात्यांविषयी पूर्ण आदर राखून, मांडा. अशाने ज्ञातीबाहेरच्या विवाहांस उत्तेजन मिळेल असे म्हणणारे काका-मामा आपले वैरी नव्हेत. त्यांच्या घरीही लेकी आहेत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगा, आणि मग विचारा की, बाहेरून आलेली सून आपल्या यादीत चढते, तर घरची लेक का उतरते? याचे उत्तर आमच्याजवळही नाही. मागील रांगेतून कोणी ओरडलेच, तर त्याच्याकडे पाहून बोलू नका. त्याच्या शेजारी जो गप्प बसलेला असेल त्याच्याकडे पाहून बोला. मत त्याचे मिळावयाचे असते.

सभा उद्या सकाळी दहास आहे. विरोधी भाषणांसाठी दोन ज्येष्ठ सभासदांनी नावे दिली आहेत. त्यांपैकी एकांस उभे राहणे कठीण जाते. त्यांच्या खुर्चीपर्यंत ध्वनिक्षेपक नेऊन देण्याचे काम याच दोन भगिनींनी करावे, अशी आम्ही अध्यक्षांस विनंती केली असून त्यांनी ती मान्य केली आहे.