हत्यार कुणाचे?



गिरणीतला माग मालकाचा, पण तो चालविण्याची कला कामगाराची. इंटरनेटवर दुकाने उभारणारा वेब डेव्हलपर हाही असाच कामगार आहे. ‘मॅजेंटो’सारखी प्रणाली हा त्याचा माग. मालाची यादी, किंमत, कर, पैशांचा भरणा ही सारी व्यवस्था तीत तयार मिळते.

मॅजेंटो २००८ साली आली. २०११ साली ती संपूर्णपणे ईबेच्या हाती गेली. २०१८ साली ॲडोबीने ती १६८ कोटी डॉलरना घेतली. दरम्यान २०१५ साली दुसरी आवृत्ती निघाली. तिची रचना इतकी निराळी की, पहिलीसाठी लिहिलेली जोडकामे तीत चालेनात. पुढे जून २०२० मध्ये पहिलीची अधिकृत देखभालच थांबली. कुलपात खोट निघाली तर दुरुस्त कोण करणार? वर्षानुवर्षे कमावलेली कारागिरी दुसऱ्याच्या एका निर्णयाने शिळी झाली.

परंतु पहिल्या मॅजेंटोच्या विनामूल्य आवृत्तीचा सोर्स कोड खुल्या परवान्याखाली होता. कोणीही तो वाचावा, सुधारावा, वाटावा. म्हणून देशोदेशींच्या डेव्हलपरांनी एकत्र येऊन ‘ओपनमेज’ या नावाने तिची दुरुस्ती स्वतःच चालू ठेवली.

तेव्हा माझ्या तरुण मित्रांनो, हत्यार निवडताना त्याचा वेग पाहा, बाजारातील मागणी पाहा, आणि परवानाही वाचा. मात्र परवाना एकट्याच्या हाती नुसता कागद आहे. तो वापरायला चार माणसे एकत्र यावी लागतात. गिरणगावाने हेच शिकविले आहे.