टक्का वाढला, जागा कुठे गेल्या?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोलापूर हे श्रमिकांचे शहर आहे. जुन्या कापडगिरण्या बंद पडल्या, तरी यंत्रमागांचा खडखडाट अजून ऐकू येतो आणि विडीचे सूप मांडीवर घेऊन बसलेल्या भगिनी अजून दिसतात. वर्षानुवर्षे मागावर उभा राहिलेल्या कामगाराला कमी ऐकू येऊ लागते. यंत्रात कुणाचा हात जातो. अशा अपंगत्वाला दैवाची करणी म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. हेलन केलर 1909 मध्ये अमेरिकेच्या समाजवादी पक्षात गेल्या. अंधत्वाची कारणे शोधता शोधता त्या कारखान्यांतील अपघातांपर्यंत आणि दारिद्र्यापर्यंत पोचल्या होत्या. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांची जिद्द घेतली आणि राजकारण वगळले.

सरकारी नोकरीतील अपंगांच्या हक्काचा इतिहास असाच अर्धवट सांगितला जातो. 1977 मध्ये केंद्र सरकारने अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग यांना प्रत्येकी एक, अशा तीन टक्के जागा राखून ठेवल्या. पण त्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतच. अपंगाने साहेबाला दूरध्वनी जोडून द्यावा, त्याच्या खुर्चीचा वेत विणावा, त्या खुर्चीत मात्र बसू नये, असाच त्याचा अर्थ होता. 1995 चा कायदा 7 फेब्रुवारी 1996 पासून अमलात आला. तरीही प्रशासनाने अपंगांसाठी ‘योग्य’ ठरविलेल्या पदांपुरताच तीन टक्क्यांचा हिशोब चालू ठेवला. अंधांच्या राष्ट्रीय संघटनेला न्यायालयात जावे लागले. सर्व श्रेणींत, संवर्गातील एकूण रिक्त जागांवर टक्केवारी मोजावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 8 ऑक्टोबर 2013 रोजी लागला. साधे गणित नीट करायला सतरा वर्षे लागली!

त्यानंतर 2016 चा कायदा आला. टक्के चार झाले, अपंगत्वाचे प्रकार एकवीस झाले, न भरलेली जागा पुढील वर्षी ओढण्याची तरतूद झाली. मधल्या काळात ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ही झाले. 2022 मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, हे चांगलेच झाले. प्रश्न असा आहे, की चार टक्के कशाचे?

दूरध्वनी यंत्रणा स्वयंचलित झाली, तेव्हा अंधांसाठीची जोडणीची कामे गेली. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, वेत विणणारा गेला. शिपाई, पहारेकरी, सफाई ही कामे ठेकेदाराकडे गेली आणि ठेकेदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली नसते. जागा मंजूर असूनही भरली नाही, तर तिच्यावरील आरक्षण कागदावरच राहते. शून्याचे चार टक्के शून्यच! 2023 मध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश राज्य सरकारला तरुणांच्या संतापामुळे मागे घ्यावा लागला. पण ठेकेदारी काही संपली नाही. म्हणून कायम नोकरीसाठीचा लढा आणि अपंगांच्या हक्काचा लढा हे दोन लढे नाहीत.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण घ्या. त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तरी दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या लेखासेवेने त्यांना नाकारले. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, सनदी सेवेत आल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. आपण त्यांचे कौतुक करतो, ते केलेच पाहिजे. पण पुन्हा परीक्षेला बसण्याचे बळ ज्या मुलीपाशी नाही, तिचे काय? कौतुकाच्या टाळ्यांमध्ये नकार देणाऱ्यांना जाब विचारायचा राहून जातो.

बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न 2024 पासून गाजतो आहे. हक्काची जागा चोरणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि त्या कागदावर सही करणाऱ्यालाही. परंतु चोरी दुसऱ्याने करावी आणि अक्कलकोटहून कुबड्या घेऊन आलेल्याने रुग्णालयाच्या रांगेत पुनःपुन्हा स्वतःचे अपंगत्व सिद्ध करावे, हा न्याय नव्हे.

आपण काय करायचे? माहितीच्या अधिकारात महापालिका, जिल्हा परिषद आणि प्रत्येक तालुका कचेरीकडून चार आकडे मागवा : मंजूर पदे, भरलेली पदे, अपंगांचा अनुशेष आणि ठेक्यावरची माणसे. ते चौकाचौकातील फलकांवर लिहा. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. हे त्याच्या घरी जाऊन सांगा, कारण बहुधा त्याला ते कुणी सांगितलेले नसते.

आणि एक सूचना आपल्यासाठी. आज आपण सारे जिना चढून या सभागृहात आलो. ज्यांच्याविषयी मी बोलतो आहे, त्यांतले कितीजण येथे आहेत, ते आजूबाजूला पाहा. पुढचा मेळावा तळमजल्यावर घ्या आणि या विषयावर बोलायला त्यांच्यापैकीच कुणालातरी उभे करा. मी समोर बसून ऐकेन.