पावले आणि सत्ता

(उपकारस्तुतीच्या उपासनेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मननासाठी स्तोत्र 119 मधले 133 वे वचन घेतले आहे. हे स्तोत्र 176 वचनांचे. इब्री वर्णमालेच्या 22 अक्षरांप्रमाणे त्याची 22 कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यात आठ वचने. एवढे लांब स्तोत्र आपण उपासनेत सबंध क्वचितच वाचतो, त्यामुळे ही लहानशी प्रार्थना नजरेतून निसटते. तिच्यात मागण्या दोनच आहेत. देवाने आपल्या वचनाने माझी पावले स्थिर करावी. आणि कोणत्याही दुष्टाईची माझ्यावर सत्ता चालू नये.

'सत्ता चालवणे' याकरिता मूळ इब्रीत जे क्रियापद आहे, त्याचा आणि आपल्या 'सुलतान' या शब्दाचा धातू एकच. आपली जुनी माणसे अस्मानी आणि सुलतानी म्हणत, त्यातलीच ही सुलतानी. पाप म्हणजे कपड्यावरचा डाग, धुतला की गेला, असे आपल्याला वाटते. स्तोत्रकर्ता येथे पापाला मालक समजतो. मालक हुकूम सोडतो आणि आपण उठून चालू लागतो.

आपण ज्या भागात सेवा करतो तेथे हे फार समजावून सांगावे लागत नाही. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. त्यात लग्नगडी आहे. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेई आणि त्यापायी त्याच्याकडे राबत राही. बायकोलाही राबावे लागे, आणि कर्ज मात्र फिटत नसे. 1945 साली परुळेकर पतिपत्नींनी किसान सभेतर्फे या लोकांना वेठीविरुद्ध उभे केले. ते काम आपल्या मंडळीने केले नव्हते, हेही लक्षात असू द्यावे.

पुढे 1976 च्या कायद्याने वेठबिगाराचे कर्जच रद्द ठरवले. त्याने ते फेडले नव्हते, फेडणे त्याला शक्यही नव्हते. ते वरून रद्द झाले. प्रभूने आपला प्राण खंडणी म्हणून दिला असे आपण म्हणतो, ते असेच. (आजची मुले 'खंडणी' म्हटले की गुंडांचा विचार करतात. शास्त्रातला अर्थ सोडवणुकीच्या मोलाचा आहे.) पण कर्ज रद्द झाले तरी पायांना वर्षानुवर्षांची सवय असते. कोंबडा आरवला की पाय मालकाच्या वाड्याकडेच वळायचे. म्हणून या प्रार्थनेत मागण्या दोन आहेत. सत्ता मोडली, तरी सुटलेल्या माणसाने उद्या सकाळी कोणीकडे जायचे, हे त्याला कोणीतरी दाखवावे लागते.

आता 'कोणत्याही' या शब्दाविषयी. आमच्या एका पाड्यावरच्या भावाची दारू सुटून दोन वर्षे झाली होती. त्याने मंडळीपुढे साक्ष द्यावी असे आम्ही सुचवले. तो नाही म्हणाला. "दारू गेली, पण थोरल्याच्या बांधावरून जाताना अजून माझे दात आवळतात. एक मालक गेला, दुसरा घरात आहे. साक्ष कशाची देऊ, दादा?" वनहक्काच्या दाव्यात दोघे कसत असलेली जमीन थोरल्याच्या एकट्याच्या नावावर चढली होती. अन्याय त्याच्यावर खरोखरच झाला होता. तरीही त्या रागाला त्याने मालक म्हटले.

त्याने हीच प्रार्थना धरली. रोज संध्याकाळी तो हे वचन म्हणे. जमिनीचे काय करावे, याचे उत्तर त्याला मिळाले नाही. पाऊस लागला, आवणीला माणसे कमी पडली, आणि एके सकाळी तो थोरल्याच्या शेतात उतरून रोपे लावू लागला. दोघे दिवसभर काही बोलले नाहीत. दुपारी वहिनीने त्याच्यापुढे भाकर ठेवली. जमिनीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. त्यासाठी कागदपत्रे जमवण्याचे काम आम्ही करत आहोत, आणि ते करायलाच हवे.

मार्गदर्शन मागताना आपल्याला सबंध नकाशा हवा असतो. कोणती नोकरी, कोणते स्थळ, मुलाला कोठे पाठवू. स्तोत्रकर्ता पावलांपुरते मागतो. रात्री पाड्यावरून परतताना हातातल्या कंदिलाने पुढची एक-दोन पावलेच दिसतात, डोंगर दिसत नाही. तेवढ्यावर माणूस घरी पोहोचतो.

आपली पत्रे येतात त्यांत "तिकडे किती जणांनी दारू सोडली?" हा प्रश्न नेहमी असतो. तो प्रेमाने विचारलेला असतो, हे मी जाणतो. पण पापाची सत्ता डोंगरावरच चालते असे नाही. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून आपणही बोलणे सोडतो. मंडळीच्या निवडणुकीत काय काय होते, ते मी येथे सांगायला नको.

दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जाऊ लागतील. बयाण्याचे पैसे त्याआधीच हातात पडतात, आणि काही घरांत ते आठवडाभरही टिकत नाहीत. त्या दिवसांत रोज हे वचन घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि त्याच प्रार्थनेत स्वतःचेही नाव घाला.

आता आपण थोडा वेळ शांत बसू. प्रत्येकाने आपल्यावर हुकूम चालवणाऱ्या त्या एका गोष्टीचे नाव मनातल्या मनात प्रभूपुढे घ्यावे. मग पाळकसाहेब प्रार्थना चालवतील.