शहरांतील सायकलस्वार

पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून देशभर ओळखलें जात असे. विद्यार्थी, कारकून, शिक्षक, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार, सारे सायकलीवरूनच ये-जा करीत. पुढें स्वयंचलित दुचाक्यांनीं रस्ते भरून गेले आणि सायकल मागें पडली. महानगरपालिकेनें २०१७ सालीं सायकलींसाठीं एक सर्वंकष आराखडा मंजूर केला. परंतु आराखडा कागदावर असतो व माणसाला रस्त्यावरून जावयाचें असतें. अशा स्थितींत चाळिशी उलटलेला एखादा गृहस्थ सायकलीनें कचेरीस जाण्याचा निश्चय करतो, तेव्हां त्याला काय शिकावें लागतें?

समजा, हा गृहस्थ कोथरूडास राहतो व त्याची कचेरी शनिवारवाड्याजवळ आहे. अंतर सुमारें सहा किलोमीटर. बेताच्या गतीनें अर्ध्या तासाची वाट. सकाळीं नदीच्या बाजूस उतार असल्यामुळें सायकल आपोआप धांवते आणि गृहस्थास स्वतःच्या पराक्रमाचें कौतुक वाटूं लागतें. संध्याकाळीं तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो. पहिले कांहीं दिवस मांड्या भरून येतात, सदरा घामानें भिजतो. बैठक अशा उंचीवर घ्यावी कीं पायडल तळाशीं असतां गुडघा किंचितच वांकेल. चाकांत हवा पुरेशी भरावी. एवढ्यानें बरेच श्रम वांचतात. उरलेले संवयीनें सुसह्य होतात. शरीर हा मोठा आज्ञाधारक विद्यार्थी आहे.

मनाचें तसें नाहीं. मागें बसचा भोंगा वाजला कीं नवशिका दचकून अगदीं कडेला सरकतो. वस्तुतः तेथेंही निर्धास्तपणा नसतो. कडेला वाळू, खड्डे व गटारांचीं झांकणें असतात. उभ्या मोटारींचीं दारें अवचित उघडतात. म्हणून दार उघडलें तरी लागणार नाहीं इतकें अंतर राखून, डाव्या अंगानें परंतु सरळ व ठामपणें चालावें. वळण्यापूर्वीं मागें पाहून हात दाखवावा. डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा मालमोटारीच्या डाव्या कुशींत कधींही शिरूं नये. तेथील सायकलस्वार चालकाच्या दृष्टीस पडत नाहीं. पावसांत चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक उशिरा लागतात. तेव्हां गति आधींच आंवरावी. रात्रीं पुढें व मागें दिवा असावा.

सर्वांत कठीण धडा घाई सोडण्याचा. कचेरीस पांच मिनिटें उशीर झाला तर वरिष्ठांचे दोन शब्द ऐकून घेतां येतात. तांबडा दिवा चुकवून वांचविलेल्या पांच मिनिटांची किंमत मात्र घरीं वाट पाहणाऱ्यांना मोजावी लागेल. घरून दहा मिनिटें आधीं निघणें हाच त्यावर उपाय.

कांहीं आठवड्यांनीं एके सायंकाळीं मागें भोंगा वाजतो आणि आपला गृहस्थ दचकत नाहीं. हात दाखवून आपल्या रेषेनें चालत राहतो. त्या दिवशीं तो खरा सायकलस्वार झाला. परंतु भोंगा वाजविणाऱ्याचें शिक्षण कोणीं करावयाचें? रस्ता वाहनाच्या किंमतीच्या प्रमाणांत वांटून दिलेला नसतो. ज्याच्या हातीं बळ अधिक, त्यानें थांबावयाचें असतें, एवढें मोटारवाल्यांच्या ध्यानांत आलें, तर या शहरांत पुन्हां अनेकांना सायकल काढण्याचा धीर होईल.