ओस गावातील हिवाळा
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



हिवाळा हा आपल्याकडे आरोग्याचा ऋतू मानला जातो. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात मात्र नोव्हेंबरअखेरीपासून सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. अशा प्रदेशांत अपुऱ्या प्रकाशामुळे येणाऱ्या विषण्णतेचे शास्त्रीय वर्णन डॉ. नॉर्मन रोझेंथल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. महाराष्ट्रात डिसेंबरातही दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. आपल्याला प्रकाशाची वाण नाही. वाण असते ती माणसांची.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावरच परततात. मागे राहतात ते बहुधा वृद्ध आईवडील. अशाच एका गावी मी गेलो असता, रोज पहाटे शेकोटीपाशी येणारी एक आजी आठवडाभर दिसली नाही, असे शाळेतील गुरुजींनी सांगितले. आम्ही तिच्या घरी गेलो. घरात धान्य होते. परंतु चूल दोन दिवस पेटली नव्हती. "एकटीसाठी काय रांधायचं?" एवढेच ती म्हणाली. "म्हातारी थंडीनं गारठलीया," असे शेजारी म्हणाले. ते गारठणे केवळ अंगाचे नव्हते.

दोन आठवडे वा अधिक काळ मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक उडणे, आपण निरुपयोगी आहोत असे बोलणे, ही नैराश्याची लक्षणे होत. नैराश्य हा वार्धक्याचा अटळ भाग नसून उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. तत्काळ वैद्यकीय साहाय्य मिळवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

पंचायतीने टोळ्या निघण्यापूर्वीच मागे राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. आशा सेविकेने आठवड्यातून एकदा त्यांच्या दारी जावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यांना पारावर एकत्र बसवावे. मुलाशी ठरलेल्या दिवशी दूरध्वनीवर बोलणे घडवून आणावे. यास वेगळा निधी लागत नाही, आस्था लागते.

त्या आजीकडे शेजारची सून ताट घेऊन जाऊ लागली. आरोग्य सेविकेने तिला तपासणीस नेले. हंगाम संपवून मुलगा परतला, तेव्हा घरची चूल पेटलेली होती. आपल्या गावातील किती चुली या हिवाळ्यात विझल्या आहेत, याची विचारपूस आजच सायंकाळी करावी, ही विनंती.