स्वागताध्यक्षांचे भाषण

संशोधक मित्रहो, समस्त वाईकरांच्या वतीने कृष्णाकाठी आपले स्वागत. वाई म्हटली की लोकांना घाट आणि ढोल्या गणपती आठवतो. पण या गावचे खरे भूषण आहे प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी ती उभारली. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा त्यांच्याकडे वेदान्त शिकायला आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचेच शिष्य. त्यांनी इथूनच मराठी विश्वकोश चालवला, पहिला खंड १९७६ साली निघाला. शिष्यांची कीर्ती झाली, पण मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध करणाऱ्या गुरूंचे नाव आज कुणी घेत नाही, म्हणून ते मुद्दाम घेतले.

कोशात काय घ्यायचे याइतकेच काय गाळायचे यालाही महत्त्व असते, आणि तिथेच आपल्या परिषदेच्या विषयाशी, म्हणजे मेंदूतल्या गाळणीशी, आमचे नाते जुळते. स्पेनच्या रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली ओळखलेल्या मायक्रोग्लिया या मेंदूच्या रक्षक पेशी चेतासंधीही, म्हणजे मज्जापेशींमधले जोडही, गाळतात. उंदरांच्या पिलांत डोळ्याकडून येणारे तंतू रंगवले, तेव्हा त्या रंगाचे कण या पेशींच्या पोटात सापडले. ज्या तंतूंचे काम मंद, ते जास्त खाल्ले गेले होते. हे २०१२ सालचे काम. कुणी म्हणेल, अल्झायमरमध्ये याच पेशी संधी खातात, मग त्यांना आवरावेच. उंदरांत तसे दिसले आहे, अमिलॉइडचे थर साचण्याआधीच; आक्षेप खोटा नाही. पण प्रौढ उंदरांतून या पेशी काढल्या, तर नवे कौशल्य शिकताना बनणाऱ्या संधी कमी पडतात. आणि या पेशींचे ट्रेम-टू हे ग्राहक प्रथिन दुबळे असले, तर माणसात अल्झायमरचा धोका वाढतो. शिवाय संधी खाण्यात ॲस्ट्रोसाइटही सामील असतात, तेव्हा सगळा दोष एकाच पेशीवर टाकता येत नाही. म्हणून या पेशींना सरसकट थांबवण्यापेक्षा त्या कोणती संधी, कोणत्या वयात निवडतात हे शोधणे मोलाचे, असे माझे ठाम मत आहे.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. सगळ्यांना हॉटेलात खोल्या मिळाल्या नाहीत, काहींची सोय मंगल कार्यालयात करावी लागली. त्याबद्दल क्षमा असावी. हळदीच्या व्यापाऱ्यांनी देणगी दिली, महिला मंडळाने जेवणाचा भार उचलला, शाळांनी बाके दिली, डॉक्टर मंडळींनी पाहुण्यांसाठी गाड्या दिल्या, नगरपालिकेने पाण्याची सोय केली. या सर्वांचे आभार. परतण्यापूर्वी आपण सर्वांनी एकदा प्राज्ञपाठशाळेत जाऊन यावे, ही नम्र विनंती.